खांद्यावरची तुळई

“मला टॉवेल हवाय,” मी म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. आम्ही आठ जण एकामागे एक तुळईखाली उभे होतो आणि उवे, आमचा म्होरक्या, शेवटच्या सूचना ओरडून सांगत होता. एल्ब नदीवरून वारा येत होता. जून असूनही कानाला झोंबत होता. उंचीनं सगळ्यात कमी म्हणून मला अगदी पुढे उभं केलं होतं. तुळई माझ्या उजव्या कानाशेजारून गेली होती, पण खांद्याला टेकत नव्हती. मध्ये चांगली चार बोटं फट होती.

“असू दे की,” मागून माझा नवरा हेरंब मराठीत म्हणाला. “उलट बरंय. तू नुसता हात लावून चाल. वजन आम्ही घेतो.”

“उवे!” या वेळी मी ओरडलेच. “माझ्यावर वजन येत नाहीये. टॉवेल दे.”

उवेनं वळून बघितलं. दाढीवाला, दाराएवढा माणूस. हेरंबच्या कंपनीत यंत्रांची चाचणी घेणाऱ्या विभागाचा प्रमुख होता तो, आणि ही शर्यत दर वर्षी करायचा. खांद्यावरचं वजन कमी कर म्हणणारे त्याला पुष्कळ भेटले असतील, वाढव म्हणणारं कुणी नसेल. त्यानं स्वतःच्या पिशवीतला जाडजूड टॉवेल काढला, घडीवर घडी घातली आणि माझ्या खांद्यावर ठेवून वरून दाबला.

“आता?”

“आता आलं,” मी म्हणाले, आणि लगेच माझ्या तोंडून “आई गं” निघालं.

हॅम्बुर्गच्या बंदरातली काही जुनी मंडळी ती शर्यत भरवायची. जुन्या गोदामांच्या लाकडी तुळया असायच्या. प्रत्येक संघानं एक खांद्यावर घ्यायची, बंदरापासून नदीकाठानं ब्लांकेनेजेच्या टेकडीपर्यंत न्यायची, तिथल्या पायऱ्या चढायच्या, पलीकडून उतरायचं आणि खालच्या वाळूत ती ठेवायची. सकाळी निघालं की संध्याकाळ व्हायची. वाटेत काही ठिकाणी सुतारांच्या असतात तसल्या लाकडी घोड्या मांडलेल्या असत. तेवढ्यावरच तुळई टेकवायची. जमिनीला लागली की संघ बाद. एखाद्याला झेपलं नाही तर त्यानं बाहेर पडावं, पण एकदा बाहेर पडलेल्याला परत खांदा देता यायचा नाही, आणि त्याच्या वाटणीचं ओझं उरलेल्यांवर.

मी त्या संघात असायचं काही कारण नव्हतं. हेरंबच्या ऑफिसातल्या एकाला ताप आला. आदल्या दिवशी उवे आणि संघातली रेनाटे आमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा उवे गमतीनं म्हणाला, आठवा माणूस कुठून आणू? मी पोळ्या लाटत होते. “मी येते,” म्हणाले. सगळे हसले. हेरंब सोडून. रात्री त्यानं मला दोनदा समजावलं, एकदा प्रेमानं आणि एकदा चिडून. मी दोन्ही वेळा फक्त “जाणार” एवढंच म्हणाले. त्या वर्षी मी एरवी फारसं बोलतच नव्हते, त्यामुळे तो गप्प बसला असावा.

पहिला तासभर मजेत गेला. लोक टाळ्या वाजवत होते, कुणी चॉकलेटं देत होतं. माझ्यामागे रेनाटे होती. हिशेब विभागातली, पन्नाशीची, लाल केसांची बाई. ती बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत चालायची. कुणाची पावलं रेंगाळली की उवे मागून ओरडायचा, “वायटर!” पुढे चला, असा त्याचा अर्थ. जर्मन शिकायला लागले तेव्हापासून मला तो शब्द ऐकला की ‘वाईट’ आठवायचं. आज तर तुळईच्या प्रत्येक धक्क्याला तेच ऐकू येत होतं. वाईट, वाईट, वाईट.

मग टाळ्या संपल्या. नदीकाठचा रस्ता लांबच लांब, एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला कंटेनर भरलेली अजस्र जहाजं आमच्यापेक्षा निवांत चाललेली. टॉवेल असूनही खांद्याचं हाड सोलल्यासारखं झालं. उवेनं इशारा केला की सगळ्यांनी एकदम तुळई डोक्यावर उचलायची, मान खालून काढायची आणि दुसऱ्या खांद्यावर घ्यायची. पहिल्यांदा माझे हात पुरलेच नाहीत. दुसऱ्यांदा मी टाचा उचलल्या. तिसऱ्यांदा ओठ दातांत धरला, तर रक्त आलं. रेनाटे म्हणाली, “तू शिव्या देत जा. तुझ्या भाषेत दे, आम्हाला काय कळतंय!” त्यानंतर मी मिरजेच्या बाजारात ऐकलेल्या एकेक शिव्या काढायला लागले. मागून हेरंब “वैजू!” म्हणाला, पण मला खरंच बरं वाटत होतं.

निम्म्याहून जास्त वाट संपली असेल, तेव्हा हेरंबच्या पाठीत उसण भरली. तो कळवळला, तुळई डावीकडे कलली, आणि उवे “धरा, धरा!” असं ओरडेपर्यंत ती जवळजवळ हातातून निसटलीच. आम्ही कशीबशी सावरली. हेरंब बाजूला झाला आणि कठड्याला धरून वाकून उभा राहिला. आम्हाला थांबता येत नव्हतं. त्याचं ओझं आम्हा सात जणांत आलं. सातवा हिस्सा म्हणजे फार नसेल असं कुणालाही वाटेल. मला वाटलं कुणीतरी वर चढून बसलंय.

थोड्या वेळानं तो लंगडत माझ्या डाव्या बाजूला आला. तुळई तेव्हा उजव्या खांद्यावर होती. मला मान वळवता येत नव्हती. त्याचे बूट तेवढे दिसत होते.

“दुखतंय का खूप?” मी विचारलं.

“माझं राहू दे. वैजू, आता बास. पुढच्या घोड्या आल्या की तू बाहेर पड. मी उवेला सांगतो.”

“मी नाही पडणार.”

“अगं, मी पडलो बाहेर! तुला कोण काय म्हणणार आहे? ओठातून रक्त येतंय तुझ्या.”

“येऊ दे.”

“हट्टीपणा करू नकोस.”

बोलायला लागणारा श्वास चालायला लागत होता. तो बराच वेळ तसाच बरोबर चालला. मग एकदम, दात आवळून म्हणाला, “एकदा ओझं उचललंस त्याचं काय झालं ते बघितलं ना आपण? तेवढ्यानं पुरे नाही झालं?”

माझे पाय चालत राहिले. बाकीचं सगळं थांबलं.

जानेवारीत आम्हाला मुलगी झाली होती. सातव्या महिन्यात, आणि रडली नाही.

त्याआधी तीन-चार दिवस मी भारतीय दुकानातून तांदूळ आणि कणीक आणली होती. बर्फ पडत होता, हेरंब ऑफिसात होता, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. चौथा मजला. मी पिशव्या घेऊन सावकाश चढले. हे मीच माझ्या सासूबाईंना फोनवर सांगितलं होतं, गप्पा मारता मारता. नंतर जेव्हा पोटातली हालचाल थांबली, आम्ही इस्पितळात गेलो, आणि जे व्हायचं ते झालं, तेव्हा मिरजेहून त्यांचा पहिला प्रश्न आला, “जिने चढून ओझं आणलंस ना गं?” मग तो प्रश्न राहिला नाही, कारणच झालं. नणंदेनं तेच म्हटलं. माझ्या मावशीनंही भीत भीत तेच विचारलं. आणि हेरंबनं मला दुधाची बाटलीसुद्धा उचलू द्यायची बंद केली. मला वाटत होतं, जपतोय. त्या पाच महिन्यांत त्याच्या जपण्यावर रागवायचीही मला चोरी झाली होती.

तो जपत नव्हता. त्याला वाटत होतं, मी केलंय.

“हेरंब,” मी म्हणाले. समोर बघून, कारण दुसरीकडे बघताच येत नव्हतं. “डॉक्टरीण काय म्हणाली होती?”

“आता ते कशाला—”

“काय म्हणाली होती? तेव्हा मला जर्मन येत नव्हतं. तूच मला मराठीत सांगितलं होतंस.”

बूट दोन-चार पावलं मागे पडले, परत बरोबरीला आले.

“नाळेला गाठ पडली होती, म्हणाली.”

“पुढे?”

“कुणाच्या हातात काही नव्हतं.”

“पुढे, हेरंब.”

“तुम्ही पलंगावर झोपून राहिला असतात तरी हेच झालं असतं.”

“हे आईंना सांगितलंस?”

रेनाटेचं गुणगुणणं थांबलं होतं. मराठी तिला कळत नव्हती, पण बाकी सगळं कळत असणार.

“वैजू, तिला काहीतरी कारण हवं होतं गं,” तो म्हणाला. मग हळूच, “मलाही.”

“आणि कारण म्हणून मी सापडले.”

त्याच्या बुटानं वाटेतला एक खडा उडवला.

“फोन लाव,” मी म्हणाले.

“आत्ता? इथं?”

“आत्ता. डॉक्टरीण जे म्हणाली ते सगळं सांग. मी ऐकतेय. घरी गेल्यावर तू उद्यावर ढकलशील, आणि मीही जाऊ दे म्हणेन. इथं मी जाऊ दे म्हणणार नाहीये. लाव.”

मागून उवे ओरडला, “काय भानगड आहे पुढे? थांबायचंय का?”

“नाही!” मी ओरडले. “वायटर!”

आणि हेरंबनं फोन लावला. मी आयुष्यात इतकं लक्ष देऊन कुणाचं एकतर्फी बोलणं ऐकलं नसेल. “आई, मी बोलतोय. नाही, सगळं ठीक. आई, ऐक. मध्ये बोलू नकोस.” मग तो अडखळला. मला वाटलं, गेलं आता. पण त्यानं सांगितलं. नाळेची गाठ, डॉक्टरणीनं कागदावर काढून दाखवलेलं चित्र, पलंगावर झोपून राहण्याचं वाक्य, सगळं. “वैजूमुळे काही झालेलं नाही. मला तेव्हापासून माहीत होतं. मी तुला सांगितलं नाही.” हे शेवटचं बोलताना त्याचा आवाज फाटला. नदीकाठाला बिअर पीत बसलेली माणसं आमच्याकडे बघत होती. सात माणसं एक तुळई घेऊन चाललीत आणि बाजूनं एक माणूस लंगडत, रडत फोनवर बोलतोय.

मग त्यानं फोन माझ्या डाव्या कानाला लावला.

“काय करतेयस तू?” सासूबाईंचा आवाज आला. कोरडा, घाबरलेला.

“ओझं वाहतेय, आई.”

“कसलं ओझं?”

“लाकडाचं. खूप जड आहे.”

“अगो बाई! ठेव आधी खाली! ठेव!”

“नाही ठेवणार.”

फोन बंद झाला.

“कट केला तिनं,” हेरंब म्हणाला.

“करू दे,” मी म्हणाले. मला खरोखर काही वाटलं नाही. इतका वेळ तुळई मला दाबत होती. आता मी तिला धरून होते.

टेकडीच्या पायथ्याशी शेवटच्या घोड्या होत्या. तिथं टोपीवाला एक म्हातारा पंच उभा होता. घोड्या दुमडून गाडीत टाकायचं काम चाललं होतं. आमच्यासाठी म्हणून तेवढ्या दोन ठेवल्या होत्या. आम्ही तुळई टेकवली तेव्हा मला हात खाली घेता येईना. रेनाटेनं ते धरून खाली आणले.

“वेळ संपली,” पंच म्हणाला. चांगला माणूस होता, दिलगिरीनं बोलत होता. “बाकीचे संघ कधीच पोचले. तुम्ही इथवर आलात हेच कौतुकाचं. इथंच सोडा. गाडी तुळई नेईल.”

उवे एकेकाकडे बघत गेला. संघातला सगळ्यात तरुण योनास पायातले बूट काढून टाचेचे फोड बघत बसला होता. रेनाटेचे लाल केस घामानं कपाळाला चिकटले होते. दोघांनी नजर चुकवली. आणखी कुणीतरी म्हणालं, “नियम तो नियम.” उवेचे डोळे माझ्यावर आले तेव्हा त्यांत विनंती होती असं मला वाटलं. कुणी तरी थांबू या म्हणावं, म्हणजे त्याला म्हणावं लागणार नाही.

“नियमात काय लिहिलंय?” मी पंचाला विचारलं. माझं जर्मन मोडकं होतं, पण त्या दिवशी मला त्याची लाज नव्हती. “वेळ संपल्यावर तुळई वर नेता येत नाही, असं लिहिलंय?”

“तसं नाही. पण मोजली जाणार नाही.”

“मोजू नका,” मी म्हणाले.

आणि जाऊन माझ्या जागेवर, पुढे उभी राहिले. टॉवेल खांद्यावर ठेवला. मागे बघितलं नाही. खरं सांगायचं तर बघायचा धीर नव्हता. कुणीच आलं नसतं तर मी तिथं एकटी तुळईखाली उभी राहिलेली बाई झाले असते. पण मी तशी उभी राहिलेच असते.

आधी रेनाटेचं गुणगुणणं ऐकू आलं. मग योनासनं बूट चढवताना दिलेली शिवी. मग उवेचा आवाज, “उचला!”

ब्लांकेनेजेच्या त्या पायऱ्या ज्यांनी बघितल्यात त्यांना सांगायला नको. बागांच्या भिंतींमधून, घरांच्या दारांवरून, अरुंद, वळणावळणाच्या. एवढी लांब तुळई वळणार कशी? प्रत्येक वळणावर पुढचं टोक कठड्याबाहेर काढावं लागे. तेवढा वेळ मला आणि रेनाटेला तुळई सोडून, खालून वाकून पलीकडे जायचं, आणि टोक फिरलं की परत धरायचं. मधल्या त्या क्षणांत सगळं वजन मागच्या पाच जणांवर. त्यांचे हुंकार ऐकले की मी पडत, धडपडत पलीकडे पळायचे. गुडघे फुटले. एका वळणावर उवेचा पाय सरकला. तुळई खाली खाली आली, पायरीपासून वीतभर राहिली. मी खाली बसले आणि पाठ तिच्याखाली घातली. जमिनीला लागायच्या आत ती मला लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“वैजू!” हेरंब ओरडला. तो सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन बाजूनं चढत होता. त्यानं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. त्याचा हात लागला असता तर आम्ही बाद झालो असतो. आम्ही मोजले जाणार नव्हतोच, तरी त्यानं हात मागे घेतला. त्या दिवशीची त्याची ती एक गोष्ट मला फार आवडली.

“उचलतेस?” उवेनं विचारलं.

“तुम्ही उचला. मी आहे.”

घरांतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ओरडलं नाही. एका आजोबांनी त्यांच्या बागेचं फाटक उघडून दिलं, तुळईचं टोक आत घ्या म्हणाले. त्यांचे गुलाब आम्ही तुडवले. त्यांनी फाटक तसंच धरून ठेवलं.

वरून उतरताना मी काय विचार करत होते असं नंतर पुष्कळांनी विचारलं. मी काही विचार करत नव्हते. मला तहान लागली होती.

खाली वाळू होती. झेंडे उतरवले होते, मंडप गेला होता, दोन कुत्री खेळत होती. उन्हाळ्यात तिकडे ऊन फार उशिरापर्यंत असतं, त्यामुळे नदी अजून चकचकत होती. बाकीच्या संघांच्या तुळया रांगेनं वाळूत पडल्या होत्या. आम्ही आमची त्यांच्या शेजारी नेली. उवे म्हणाला, “सावकाश. टाकायची नाही, ठेवायची.” आम्ही गुडघ्यांवर बसलो आणि ठेवली.

ठेवल्यावरही हात कुणी काढेना. योनास तिच्यावर डोकं टेकून हसत होता की रडत होता, कळलं नाही. टोपीवाला पंच आमच्यामागून पायऱ्यांवरून आला होता. तो आला, त्यानं टोपी काढली, आणि प्रत्येकाशी हात मिळवून गेला.

मी नदीकडे तोंड करून वाळूत पडले होते तेव्हा हेरंबचा फोन वाजला. त्यानं बघितलं, उचलला, ऐकलं, आणि माझ्यापुढे धरला.

“तुला मागतेय.”

सासूबाई मला कधी मागायच्या नाहीत. हेरंबशी बोलणं झालं की “तिला विचारलंय म्हणून सांग” एवढंच. मी फोन घेतला. मागे कुठंतरी टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

“ठेवलंस का ओझं?” त्यांनी विचारलं.

“हो. पोचवून ठेवलं.”

“हं.”

मी वाट बघितली. आता त्या काय म्हणतील त्याला उत्तर द्यायला मी तयार होते. कशालाही. माफ केलंस का विचारलं असतं तरी, आणि उलट बोलल्या असत्या तरी. पण त्या अशा आवाजात बोलल्या की तो मी आधी कधी ऐकलाच नव्हता.

“कशी होती गं?”

“कोण?”

“आपली ती. कशी होती दिसायला? हेरंबला तेव्हा विचारलं तर म्हणाला, त्यानं बघितलंच नाही. तुला विचारायचा मला धीर झाला नाही. दुसरंच काहीबाही बोलत राहिले.”

तिकडच्या इस्पितळात बाळ हातात देतात. हवा तेवढा वेळ ठेवू देतात. मी तिला बराच वेळ घेऊन बसले होते, आणि पाच महिन्यांत मला एकाही माणसानं हा प्रश्न विचारला नव्हता.

“जावळ होतं,” मी म्हणाले. “काळंभोर. ओलं होतं ना, तर कपाळावर चिकटलं होतं.”

“आणि?”

“बोटं लांब होती. नाक तुमचं होतं, आई.”

पलीकडून एक हुंदका आला आणि दाबला गेला. “सांग,” त्या म्हणाल्या. “सगळं सांग.”

हेरंब पाठ धरून हळूहळू खाली वाकला आणि माझ्याशेजारी वाळूत बसला.

“मलाही ऐकू दे,” तो म्हणाला.

मी फोनचा आवाज मोठा केला, तो आमच्या दोघांच्या मध्ये धरला, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.